सात पदवीधरांची एक ताई

सोमवार, २ जून

लागली! नोकरी लागली! आजपासून मी नोकरदार बाई.

ही वही एम.एस्सी.च्या प्रयोगांची, अर्धी कोरी राहिली होती. पुढच्या पानांवर कशात काय मिसळलं की काय होतं ते लिहिलंय. मागच्या पानांवर आता माझं काय होतं ते लिहीन.

पगाराचा आकडा ऐकून मला आधी वाटलं, साहेब आठवड्याचा सांगतायत. महिन्याचा होता. माझं तोंड बघून साहेब घाईघाईनं म्हणाले, “तीन महिन्यांनी कायम झालात की दुप्पट!” म्हणून मी घरी दुप्पट आकडाच सांगितला. याला खोटं म्हणत नाहीत. खरंच आहे ते, फक्त तीन महिने आधी सांगितलं.

आमच्याकडे आत्या राहते. माणसाचं नाव विचारायच्या आधी पगार विचारायची तिची रीत. आकडा ऐकून तिनं मला पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली. आईनं शेजारी सांगितलं, शेजारणीनं खालच्या मजल्यावर सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत आकडा दीडपट झाला. त्यात माझा काही दोष नाही.

बाबा हळूच म्हणाले, “एवढा पगार असेल तर मी ऑगस्टअखेर काम सोडतो गं.”

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्ट बंद पडली की ती दुरुस्त करणाऱ्याला सगळे मजले जिन्यानं चढावे लागतात, कारण तिचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत असतं. डॉक्टरांनी त्यांना जिने बंद सांगितलेत. गुडघ्यांत काही उरलेलं नाही म्हणे.

मी म्हटलं, “सोडा की! आता मी आहे ना!” हुरळले होते, दुसरं काय.

मंगळवार, ३ जून

काम काय आहे ते आज कळलं आणि मी स्वच्छतागृहात जाऊन पाच मिनिटं एकटीच हसले.

आमची कंपनी समुद्रापलीकडच्या एका देशात कपडे धुण्याची यंत्रं विकते. ग्राहकाला अडचण आली की पडद्यावर एक निळा, गोल, हसरा चेहरा येतो आणि लेखी उत्तरं देतो. ग्राहकांना वाटतं ते यंत्र आहे. ते यंत्र म्हणजे आम्ही सात जण!

पूर्वी खरंच यंत्र होतं. पण एका बाईंनी विचारलं, “मांजर मळलंय, काय करू?” त्यावर ते म्हणालं, “थंड पाणी, हलकी फेरी.” बाईंनी आधी शेजाऱ्याला विचारलं म्हणून मांजर वाचलं. यंत्र सुधारायला किती खर्च येईल ते कंपनीनं काढलं. मग सात पदवीधरांना किती लागेल ते काढलं. आम्ही स्वस्त पडलो.

त्या निळ्या चेहऱ्याला आम्ही ताई म्हणतो. एक एम.एस्सी., एक वकील, एक इंजिनिअर, एक तत्त्वज्ञानवाला आणि आणखी तिघं मिळून एक ताई होते. ताईचे नियम भिंतीवर लावलेत. उत्तर पाच सेकंदांच्या आत द्यायचं नाही आणि दहाच्या पुढे न्यायचं नाही. विनोद करायचा नाही. काळजी दाखवायची नाही. कुणी माणूस आहात का विचारलं तर म्हणायचं, “मी आपली सहाय्यक आहे.” आणि कुणी शिवी दिली तर, “मला समजलं नाही. कृपया वेगळ्या शब्दांत सांगा.”

हे शेवटचं मी आत्यासाठी पाठ करून ठेवलंय.

मंगळवार, १० जून

पहाटे सहाला खुर्चीवर, कारण तिकडचा दिवस आपल्या आधी उगवतो. दुपारी दोनला सुटका. घरी येताना चालत येते. हवा चांगली लागते, आणि तेवढाच बसचा खर्च वाचतो.

आज नऊ वाजून दहा मिनिटांनी एक बाई आली. (त्यांच्या भाषेतलं मी इथे आपल्या भाषेत उतरवते.) “माझं यंत्र गळतंय. खाली बादली लावलीय. मी रागावले नाही, फक्त ओली झालेय.”

काय गोड बाई! मला हसू आलं, पण मी ताई होते. नळी तपासायला सांगितली. तिनं मध्येच विचारलं, “तू माणूस आहेस का?” मी म्हटलं, “मी आपली सहाय्यक आहे.” मग म्हणाली, “सकाळपासून घसा दुखतोय, बोलवतसुद्धा नाही.” माझ्या बोटांनी मला न विचारता लिहून टाकलं, “गरम पाणी प्या.”

शुक्रवार, १३ जून

कुठे तरी आमची परीक्षा होते म्हणे! आठवड्याचे गुण भिंतीवर लागले. मला शंभरात एकसष्ट. शेरा: “मानवी खूण आढळली. काळजी.”

तीन महिन्यांची सरासरी नव्वदच्या वर गेली तरच कायम. बाबांनी काल त्यांच्या साहेबांच्या कानावर घातलंय की ऑगस्टनंतर येणार नाही.

तपासनीस कोण ते कुणालाच माहीत नाही. माझ्या शेजारच्या वकिलीणबाईचा संशय कोपऱ्यातल्या मौनीबाबावर आहे. तो गृहस्थ रोज येतो, कुणाशी बोलत नाही, वर बघत उभा राहतो आणि वहीत काही टिपतो. मी त्याला चहा नेऊन दिला, सोबत दोन बिस्किटं. म्हटलं, असू द्यावी ओळख.

नऊ वाजून दहाला परत गळकं यंत्र आलं. नाव वेगळं, बादली तीच. “मी रागावले नाही, फक्त ओली झालेय.” आता मला कळलं! बिचारीला सारखी तक्रार करायची लाज वाटते, म्हणून नाव बदलून येते. मी तिचं नाव बादलीबाई ठेवलंय.

मंगळवार, १ जुलै

पहिला पगार हातात आला आणि बोटांच्या फटीतून गेला. आईला अर्धा दिला आणि सांगितलं, उरलेला बँकेत ठेवते. आईला दिलेलं अर्धं म्हणजे जवळजवळ सगळंच होतं.

आत्या म्हणाली, “एवढा पगार, आणि चपला बघ! तळाला भोक पडायला आलंय.”

मी म्हटलं, “मला समजलं नाही. कृपया वेगळ्या शब्दांत सांगा.”

आत्यानं खरंच वेगळ्या शब्दांत सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. बाबा मात्र चपलेकडे बघत राहिले. सकाळी पाहिलं तर तिला नवा तळ लावलेला होता.

शुक्रवार, ११ जुलै

मौनीबाबाचा उलगडा झाला. तो वातानुकूलन बघायला येतो. वर बघतो कारण गार हवा वरून येते. महिनाभर मी त्याला चहा-बिस्किटं पुरवतेय आणि त्याला वाटतंय, माझं त्याच्यावर मन बसलंय! आज त्यानं मला एक छोटा पंखा भेट दिला. वकिलीणबाई हसून हसून खुर्चीवरून खाली घसरली.

दुसरी बातमी म्हणजे इंजिनिअरला यंत्रणेत एक भोक सापडलंय. संभाषण बंद केलं तरी खिडकी दोन मिनिटं उघडीच राहते, आणि त्या दोन मिनिटांतलं कुठेही नोंदलं जात नाही. कंपनीला सांगायचं ठरवून आम्ही सगळे सांगायला विसरलो.

आज बादलीबाईचं संभाषण बंद केलं. खिडकी उघडी होती. तिनं लिहिलं, “अजून आहेस का?”

बघितलंत! तिलाही भोक सापडलंय.

मी लिहिलं, “आहे.”

“थकत नाहीस?”

“यंत्रं थकत नाहीत.”

“मी थकते. नऊ ते पाच तेच तेच प्रश्न विचारते. यासाठी मी पाच वर्षं शिकले.”

खिडकी मिटली. म्हणजे शिक्षिका असणार! तरीच इतकी शिस्त, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. तिकडेही शिक्षकांचे हालच दिसतात. घरोघरी मातीच्या चुली.

मंगळवार, ५ ऑगस्ट

गुण सुधारले. गेले पाच आठवडे पंच्याण्णवच्या खाली नाही. ताई माझ्या अंगात इतकी भिनलीय की काल फळवाल्यानं विचारलं, “ताई, काय देऊ?” तर मी पाच सेकंद थांबले. सरासरी नव्वदच्या काठावर आलीय. आता एकही घसरगुंडी परवडणार नाही.

बादलीबाईशी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोन मिनिटं. दोन मिनिटांत किती मावतं! तिचे केस कुरळे आहेत. तिच्या आईला ती मोठ्या कचेरीत साहेब आहे असं वाटतं. आज म्हणाली, “खरं सांगू? माझ्याकडे कपडे धुण्याचं यंत्रच नाही. एका खोलीत आम्ही चौघी राहतो. कपडे कोपऱ्यावरच्या दुकानात नेते.”

घरी येताना सगळ्या रस्त्यानं विचार करत होते. यंत्र नाही तर गळतं काय? शेवटी सुचलं. चार जणींचं मिळून असेल आणि ती संकोचानं नाही म्हणत असेल. स्वाभिमानी माणसं असतात.

बुधवार, २० ऑगस्ट

दुष्काळात तेरावा महिना. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, कायम करू, पण दुप्पट पगार नाही. पगार आहे तोच. बाजारात मंदी आहे म्हणे. तत्त्वज्ञानवाला म्हणाला, “दुप्पट ही एक सापेक्ष कल्पना आहे.” इंजिनिअरनं त्याला चपलेचा धाक दाखवला.

मीही हसले, पण मनात दिवस मोजत होते. बाबांचे फक्त दहा दिवस उरलेत. आईनं त्यांच्यासाठी आरामखुर्ची बघून ठेवलीय. आत्यानं तर कापडही निवडलंय, जांभळ्या फुलांचं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

मंगळवार, २६ ऑगस्ट

देव आहे! साहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, “तुमच्यात ताईपणा छान उतरलाय. एक जागा निघालीय, तपासनिसाची. पगार दुप्पट.”

मी खुर्चीवर बसल्या बसल्या नाचले. माणूस बसूनही नाचू शकतो, हे मला आजच कळलं.

साहेब सांगत होते, “आजवर हे काम तिकडची दोन माणसं करायची. पण तिकडचा माणूस परवडत नाही हो. तुमच्यासारख्या तिघी येतात तेवढ्यात. सध्या तरी आपण इकडेच आणतोय. शुक्रवारी त्यांची शेवटची तपासणी. तिच्यात पंच्याण्णव पडले की जागा तुमची. हा कागद वाचून ठेवा, ग्राहक बनून काय विचारायचं ते यात आहे.”

घरी येऊन कागद उघडला. पहिलीच ओळ होती, “माझं यंत्र गळतंय. खाली बादली लावलीय. मी रागावले नाही, फक्त ओली झालेय.”

बराच वेळ मी ती ओळच वाचत होते. शिक्षिका! मला एम.एस्सी. दिली कुणी?

आयत्या बिळावर नागोबा, तो मीच. आणि पहिल्या आठवड्यात मला एकसष्ट देणारी तीच, हेही आत्ताच लक्षात आलं. त्याचा राग मात्र आला नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

नऊ वाजून दहा.

ती आली. गळलं, बादली लागली, ओली झाली. मी नळी तपासायला सांगितली. सात सेकंद, आठ सेकंद, सहा सेकंद, अगदी नियमात. “तू माणूस आहेस का?” “मी आपली सहाय्यक आहे.” वकिलीणबाई शेजारून अंगठा दाखवत होती. मी संभाषण बंद केलं. शंभर नक्की होते.

खिडकी उघडी होती.

तिनं लिहिलं, “आज माझा शेवटचा दिवस. काम दुसऱ्या देशात चाललंय, कुणी तरी स्वस्तात मिळालीय. ती चांगली असली म्हणजे झालं.”

माझी बोटं आपोआप ताईच्या वाक्यावर गेली: “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्हांला खेद आहे.” ते लिहिलं आणि पुसलं. गुण अजून तिनं भरायचे होते. बाबा, गुडघे, जांभळ्या फुलांची खुर्ची, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं?

मी लिहिलं, “ती मी आहे.”

उत्तर आलं, “वाटलंच. यंत्राला उत्तर द्यायला चाळीस सेकंद लागत नाहीत.”

मग लगेच, “किती देतायत?”

मी सांगितलं.

“एवढ्यात?? मला याच्या तिप्पट मिळायचे, तरी चौघींत खोली!”

“इथे एवढ्यात बाबांचे जिने सुटतील,” मी लिहिलं. का लिहिलं ते माहीत नाही. तिला काय कळणार कुठले जिने.

तिचं पुढचं वाक्य अर्धं आलं, “मग ऐक, तू”, आणि खिडकी मिटली.

मग ऐक, तू काय? दिवसभर माझं डोकं तिथेच अडकलंय. मग ऐक, तू नाही म्हण? मग ऐक, तू मेलीस? माणूस असल्याची एवढी धडधडीत कबुली देणाऱ्याला किती गुण पडतात ते भिंतीवर लिहिलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण करायचा माझा हातखंडा आहे.

रविवार, ३१ ऑगस्ट

बाबांना सगळं सांगितलं. पगार, दुप्पट, ताई, बादली, सगळं. सांगताना मध्येच मला मौनीबाबाचा पंखा आठवून हसू फुटलं आणि मग रडू आलं. दोन्ही एकदमच चालू होतं.

बाबा म्हणाले, “चपलेचा तळ बघितला तेव्हाच कळलं होतं. एवढ्या पगाराचं माणूस एवढं चालत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू खूश होतीस. म्हटलं, असू दे थोडे दिवस.” खिशातून त्यांनी राजीनाम्याचा कागद काढला. घडी पडून पडून मऊ झालेला. त्यांच्या साहेबांना दिलाच नव्हता.

मी विचारलं, “बाबा, मी वर जाणार म्हणून ती खाली गेली का हो?”

बाबा म्हणाले, “लिफ्टचं तसंच असतं. मागे वजन टांगलेलं असतं. लिफ्ट वर गेली की ते खाली येतं, दोर एकच. पण किती वजन टांगायचं ते लिफ्ट नाही ठरवत गं.”

आत्या दारामागून ऐकत होती. आत येऊन म्हणाली, “त्या पोरीला दुसरं काम मिळालं का?” पगार नाही विचारला. जन्मात पहिल्यांदा.

सोमवार, १ सप्टेंबर

पाय ओढत गेले. बाबाही सकाळी हत्यारांची पेटी घेऊन निघाले. मी बघू नये म्हणून गुडघे न धरता जिना उतरत होते.

साहेब कागद हातात घेऊन उभे. चेहरा गोंधळलेला. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर तयार केला.

“शंभर!” साहेब म्हणाले. “इथे आजवर कुणाला पडले नाहीत. पण हा शेरा काही कळला नाही. वाचा.”

मी वाचलं. “ताईपणा: शंभर. मानवी खूण: आढळली नाही. शेरा: यंत्राने गरम पाणी प्यावे.”

“यंत्रानं गरम पाणी कशाला प्यायचं?” साहेबांनी विचारलं.

मी पाच सेकंद थांबले. “आतला गाळ निघतो, साहेब.”

“अच्छा,” म्हणून त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मी स्वच्छतागृहात गेले. तिथे हसायचंच ठरवलं होतं, पण जमलं नाही.

नव्या खुर्चीवर बसण्याआधी बाबांना फोन केला. ते नवव्या मजल्यावर होते. म्हटलं, “उतरा.” ते म्हणाले, “हे एवढं दुरुस्त करून उतरतो, माणसं अडकलीयत.”

दुपारी घरी आले आणि आधी पाणी गरम करायला ठेवलं.